नोकरी सोडून मातीच्या कामात : तुमचे अनुभव लिहा

कंपनीतली नोकरी सोडून जमिनीच्या आरोग्यावर शेतकऱ्यांसोबत काम करणाऱ्यांनी इथे लिहावं, ही विनंती. पगार सोडला आणि समाधान मिळालं, इथवरच्या मुलाखती खूप वाचल्या. मला त्यापुढचं वाचायचंय. घर कशावर चाललं? माती कुणी शिकवली? शेतकऱ्याने तुमचं का ऐकलं? जुन्या नोकरीतलं काय खरोखर उपयोगी पडलं? सध्या महाराष्ट्रापुरतं बोलू. सुरुवात मीच करतो, पुढे प्रत्येक शीर्षकाखाली वेगळ्या व्यक्तीचा अनुभव आहे.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो, आता मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांत काम करतो. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ साली आली. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहिलेला कर्ब), नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं धरून १२ घटकांचा अहवाल शेतकऱ्याच्या हातात येऊ लागला, ही मोठीच गोष्ट झाली. पण सुरुवातीच्या टप्प्यात बागायतीत अडीच हेक्टरला आणि जिरायतीत १० हेक्टरला एक नमुना, अशी जाळी होती. आमच्याकडे १० हेक्टरांत कितीतरी जणांची शेतं येतात. वर मुरमाड, खाली ओढ्याकाठी भारी काळी, आणि सगळ्यांच्या पत्रिकेत आकडा एकच. शेतकरी पत्रिका कपाटात ठेवून देतो, त्यात त्याचा दोष नाही.

आकडा कुठून आला हे आधी विचारायचं, ही टेस्टिंगमधली सवय इथे कामी आली. आम्ही एकाच शेतात रंग, उतार आणि खोली बघून वेगळे नमुने घेतो. बांध, विहीर, झाडाची सावली, उकिरड्याची जागा टाळायची. नागमोडी चालत ठिकठिकाणी वीसेक सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासायची. सगळी एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवायची. खताच्या रिकाम्या गोणीत भरायची नाही. हे शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने केलं, की अहवाल त्याचा होतो आणि तो वाचायला स्वतःहून येतो.

औषध कंपनीतून माती परीक्षण प्रयोगशाळेत

मी गुणवत्ता तपासणीत रसायनतज्ज्ञ होते. सेंद्रिय कर्ब काढायची वॉकली-ब्लॅक पद्धत १९३४ सालची, आजही बहुतेक प्रयोगशाळांत तीच चालते. हे काम मला पहिल्या दिवसापासून जमत होतं. शिकावं लागलं ते त्यानंतरचं. एका आजोबांनी अहवाल उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "पोरी, आकडं कळलं. आता करू काय, ते सांग." तेव्हापासून आमच्या अहवालासोबत एक पान साध्या मराठीत जातं आणि ते पान मी शेतकऱ्यासमोर बसून लिहिते.

उदाहरण देते. चुनखडीच्या जमिनीत सामू आठच्या वर असला, की कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह कमी पडतंय म्हणून लोक फेरस सल्फेट जमिनीत फेकतात. मातीत लोह भरपूर असतं, पण त्या सामूला ते मुळांना मिळत नाही. फेकलेलंही तसंच अडकतं. शेणखतात मुरवून द्यायचं, नाहीतर पानांवर फवारायचं. अहवालात फक्त "लोह : कमी" एवढंच छापलेलं असतं. शेतकऱ्याचा पैसा वाचतो तो पुढच्या या दोन वाक्यांनी.

आणखी एक गोष्ट, जी नव्याने प्रयोगशाळा काढणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. सेंद्रिय कर्बाच्या चाचणीत डायक्रोमेट लागतं, म्हणजे विषारी क्रोमियम. ते मोरीत ओतायचं नाही. मातीच्या आरोग्याचं काम करणाऱ्या खोलीमागची माती नासली, तर आपल्या कामाला अर्थ राहत नाही. वेगळं साठवा, निष्क्रिय करा, अधिकृत विल्हेवाट करणाऱ्यांनाच द्या. खर्चाच्या आराखड्यात हे पहिल्या पानावर हवं.

बँकेतून शेतकरी उत्पादक कंपनीत

शेतकऱ्याने तुमचं का ऐकावं, या प्रश्नाचं उत्तर मला कर्जखात्याच्या अनुभवातून मिळालं. खत किती टाकायचं हे बहुतेक गावांत कृषी सेवा केंद्राचा दुकानदार सांगतो, कारण तो पीक निघेपर्यंत उधारीवर थांबतो. माती परीक्षणाचा कागद उधारी देत नाही. एक गोणी कमी टाका म्हणणाऱ्याचा सल्ला बरोबर असला, तरी पीक कमी आलं तर नुकसान शेतकऱ्याचं, सल्ला देणाऱ्याचं नाही. म्हणून आम्ही सभासदांच्या अहवालांवरून गावाची एकत्र मागणी काढतो आणि खरेदी कंपनीमार्फत करतो. शेतकऱ्यांना अशी कंपनी काढता येते ती २००२ साली कंपनी कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे. सल्ला आणि माल एकाच दारात मिळाला, तेव्हा लोक युरियासोबत झिंक सल्फेटही मागायला लागले.

घराचं विचारलंत म्हणून सांगते. नवऱ्याची नोकरी चालू होती, गृहकर्ज आधी फेडलं होतं. हे दोन नसते, तर मी सोडली नसती.

बांधकाम क्षेत्रातून कृष्णाकाठी

वरच्या सगळ्यांपेक्षा माझं काम वेगळं आहे. आमच्याकडे पाणी कमी नाही, जास्त आहे. सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात भारी जमीन, वर्षानुवर्षं मोकाट पाणी, निचरा नाही. खालचं पाणी वर चढतं, क्षार पृष्ठभागावर येतात आणि रान पांढरं पडतं. विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप, ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारवट. विनिमययोग्य, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं, सोडियम १५ टक्क्यांच्या आणि सामू साडेआठच्या वर गेला की चोपण. दोन्हींना लोक "क्षारपड" म्हणतात, पण औषध वेगळं. खारवट जमीन चांगल्या पाण्याने धुऊन काढायची. चोपणीत आधी जिप्सम टाकायचं, त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतं आणि मग ते सोडियम धुऊन काढायचं. दोन्हीकडे पाण्याला बाहेर जायला वाट हवी. ती नसेल तर जिप्समवरचा पैसा गेला.

ती वाट म्हणजे जमिनीखाली टाकलेले सच्छिद्र पाइप. उतार काढणं, अंतर ठरवणं, चर खोदणं हे माझं रोजचं काम होतं. कठीण भाग माणसांचा. एकाच्या रानातलं पाणी ओढ्याला न्यायचं, तर मध्ये पाच जणांची रानं. त्यात दोघांचा बांधावरून दावा चाललेला, एक जण पुण्यात. ज्याचं रान अजून चांगलं आहे, तो म्हणतो, "माझ्यातनं कशाला?" अशा वेळी मी नकाशा बाजूला ठेवतो आणि त्याला खालच्या बाजूचं रान दाखवायला नेतो. दहा वर्षांपूर्वी तेही चांगलं होतं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं आठवतं. संमतीपत्रावर सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय यंत्र आणायचं नाही, हा नियम मी बांधकामातूनच घेऊन आलोय. पाइप पडल्यावर पहिलं पीक धैंचा, म्हणजे हिरवळीचं खत. तो फुलोऱ्याच्या आधी गाडतो. ऊस लगेच लावू देत नाही, यावर भांडण होतं आणि मी ते करतो.

सल्लागार कंपनीतून विदर्भात

माझा मुद्दा सेंद्रिय कर्बाचा. एका हंगामात कर्ब दुप्पट, अशा बाटल्या विकल्या जातात, तेव्हा हा हिशेब करून बघा. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण २२ लाख किलो. कर्ब ०.४ वरून ०.५ टक्के करायचा, तर २,२०० किलो निव्वळ कर्ब मातीत टिकायला हवा. टाकलेल्या काडीकचऱ्यातला बहुतेक कर्ब जिवाणू खातात आणि तो हवेत परत जातो. म्हणजे टाकायचं त्याच्या कितीतरी पट. एका बाटलीत हे मावत नाही.

मग काडीकचरा मातीत का जात नाही? मी गावात पुरुषांच्या बैठकीत हेच विचारत होतो. उत्तर मिळालं एका ताईंकडून : "पऱ्हाटी वावरात टाकली तर चुलीत काय घालू, दादा?" कडबा जनावरांना, पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळकी झाडं चुलीला, शेणाच्या गोवऱ्या. मातीचा वाटा शेवटचा. त्या दिवसापासून आमच्या मृदा प्रकल्पात चूल आणि गोठा आला. गोबरगॅस झाला की स्वयंपाकही होतो आणि स्लरी वावरात जाते. पऱ्हाटीची कुट्टी करायला सामाईक यंत्र घेतलं.

अजून नोकरीत असलेल्यांसाठी

शेती घेऊन मगच काम सुरू करू, असं ठरवलेल्यांनी आपल्या भागाला लागू असलेला कूळवहिवाट कायदा (पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १९४८ च्या कायद्याचं कलम ६३) आधी वाचावा. शेतकरी नसलेल्याला इथे शेतजमीन परवानगीशिवाय विकत घेता येत नाही. पण मातीचं काम करायला स्वतःचा सातबारा लागतही नाही. मी इतरांच्याच वावरात शिकलो.

परत नोकरीत गेलेली

माझंही लिहिते, कारण असे अनुभव कुणी विचारत नाही. काही वर्षं एका संस्थेत काम केलं, मग मुलीच्या शिक्षणासाठी परत गेले. निधी बारा महिन्यांचा यायचा आणि वर्षाच्या शेवटी परिणाम मागायचे. ताग गाडला, आच्छादन केलं, याचा परिणाम कर्बाच्या आकड्यात दिसायला कित्येक हंगाम जातात. आम्ही शेवटी अहवालात दुसरी मोजमापं घातली : फुटभर मातीत गांडुळं किती, पाऊस पडून गेल्यावर पाणी किती वेळ साचतं, ढेकूळ पाण्यात टाकलं तर लगेच विरघळतं की तग धरतं. ही लवकर बदलतात आणि शेतकऱ्याला स्वतः बघता येतात. निधी देणाऱ्यांनी तीन वर्षांच्या आतलं काही मागूच नये, असं माझं ठाम मत आहे. सुट्टीत मी अजूनही त्या गावांत जाते.

सुरुवात केलेला मी पुन्हा लिहितोय : कोकणातून अजून कुणी लिहिलेलं नाही. जांभ्याच्या आम्ल जमिनीत चुना किती आणि पावसाच्या आधी की नंतर द्यायचा, कलमांखाली पालापाचोळा टिकतो का, हे तिथे काम करणाऱ्यांनी लिहावं.