घरात कोविडचा रुग्ण, बाकीच्यांनी लागण कशी टाळायची? (अनुभव धागा)

दोन-तीन खोल्यांचं घर, एकच संडास-बाथरूम आणि एकाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. अशा घरात बाकीच्यांना लागण होऊ नये म्हणून कशाचा उपयोग होतो आणि कुठे फसायला होतं, ते लिहा. नुसतं 'काळजी घ्या' नको. मापं, वेळा, वस्तू सांगा.

हवेबद्दल
रुग्णाच्या श्वासातले बारीक कण बंद खोलीत धुरासारखे तरंगत राहतात, त्यामुळे फरशी पुसण्यापेक्षा हवा महत्त्वाची. रुग्णाच्या खोलीतली हवा घरात न येता बाहेर गेली पाहिजे. खिडकीत टेबल फॅन बाहेर तोंड करून ठेवा. त्याच्या भोवतीची उघडी जागा पुठ्ठा लावून बंद करा, नाहीतर ढकललेली हवा बाजूने परत आत येते. दार बंद ठेवा, पण खालची फट बुजवू नका. घरातली हवा तिथून आत ओढली जायला हवी.

तपासायला उदबत्ती पुरते. पेटवून फटीपाशी धरा. धूर खोलीत शिरला तर ठीक. बाहेर आला तर बहुतेक वेळा कारण स्वयंपाकघरात सापडतं: चिमणी किंवा एक्झॉस्ट चालू असला की तो घरभरची हवा ओढतो, रुग्णाच्या खोलीतलीसुद्धा. तेव्हा ओट्याजवळची खिडकी सताड उघडा आणि पुन्हा उदबत्ती धरून बघा. समुद्राजवळच्या घरांत दुपारचा आणि रात्रीचा वारा उलट दिशेने वाहतो, म्हणून तपासणी दोन्ही वेळा हवी. स्प्लिट एसी तीच हवा फिरवत राहतो. तो बंदच ठेवा.

मास्कबद्दल
वरचं सगळं पटलं, पण रुग्णाच्या खोलीत जाणाऱ्याला मास्क लागतोच. एन ९५ घ्या, किंवा ज्यावर आयएस ९४७३ आणि एफएफपी २ छापलेलं आहे तो. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे पट्टे घट्ट बसतात. जोरात श्वास सोडल्यावर डोळ्यांपाशी वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर नाकावरची पट्टी नीट दाबा. दाढी असेल तर मास्क टेकतच नाही. रुग्णाला व्हॉल्व्हचा मास्क देऊ नका, कारण त्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो.

मास्क धुऊ नका, त्याचा कण धरणारा विद्युतभारित थर निकामी होतो. पाच मास्क, पाच कागदी पिशव्या, रोज एक, पाळीपाळीने. ओला झाला किंवा पट्टे सैल पडले की टाकून द्या.

आणि खोलीत जाऊन रुग्णासोबत चहा पिऊ नका. मास्क उतरतो तो तेव्हाच. माणूस एकटा पडतो हे खरं आहे, त्याचं वाईटही वाटतं. गप्पा व्हिडिओ कॉलवर मारा, ताट दाराबाहेर ठेवा.

एकच संडास असेल तर
रुग्णाने शक्यतो सगळ्यांच्या शेवटी जावं, मास्क लावून. झाकण लावून फ्लश, नंतर अर्धा तास खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू. तेवढ्यात जावंच लागलं तर मास्क लावा. ब्रशचा पेला वेगळा ठेवा.

नळ, कडी, बटणं पुसायला ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट असेल तर १ लिटर पाण्यात २० मिली घाला. द्रावण रोज ताजं करा. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ही चूक कोविडपेक्षा लवकर दवाखान्यात नेते.

टेस्टबद्दल
घरच्या किटवर एकदा निगेटिव्ह आलं की लोक मास्क काढतात. संपर्कानंतर पहिल्या-दुसऱ्या दिवशी विषाणू असूनही टेस्टमध्ये दिसत नाही. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी पुन्हा करा, घसा खवखवला तर त्याच दिवशी. पट्टी १५ मिनिटांनी वाचा. २० मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरू नका.

लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून रुग्ण संसर्ग पसरवत असतो. म्हणून रिपोर्ट आल्यावर 'आता उशीरच झाला' म्हणून सगळे एकत्र झोपतात. तसं करू नका. एकाच घरातल्या प्रत्येकाला लागण होतेच असं नाही.

एकच खोली असेल तर
रुग्णाचं अंथरूण हवा बाहेर जाते त्या खिडकीपाशी, बाकीच्यांची हवा आत येते त्या दारापाशी. मध्ये पडदा लावू नका, हवा अडते. झोपतानाही सगळ्यांनी मास्क ठेवावा. म्हातारं माणूस किंवा मधुमेही घरात असेल, तर निदान रात्री झोपायला त्याला दुसरीकडे हलवता येईल का ते आधी बघा. पण त्यालाही लागण झालेली असू शकते, म्हणून तिथेही पाच दिवस मास्क आणि वेगळं ताट.