चर्चा: नंबर आहे म्हणजे सोव्हिएत पदक खरं?

बिल्लेबहाद्दर: दुसऱ्या महायुद्धातल्या 'रेड स्टार' या चांदीच्या, तारेच्या आकाराच्या सोव्हिएत लष्करी पदकामागे नंबर दिसला की संग्राहक निर्धास्त होतात. माझं मत: ते कुणाला दिलं हे सांगणारा कागद नाही, तर दमडीही मोजू नये. रशियन संरक्षण मंत्रालयाच्या 'पोद्विग नरोदा' साइटवर पदकांसाठीची शिफारसपत्रं वाचता येतात, पण शोध नावावरून. नंबरावरून माणूस काढायचा तर मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कच्या लष्करी दप्तरातलं, पदक मिळालेल्याचं नोंदकार्डच हवं. शिवाय १९४४ ते १९५७ या काळात हाच तारा १५ वर्षं नोकरी झाली म्हणूनही मिळे. तारा अस्सल, पराक्रमाचा पत्ता नाही!

लोहारगल्ली: कागदाला कशाला देव्हाऱ्यात बसवता? पदकासोबत मिळणाऱ्या पदकपुस्तिकाही खोट्या निघतात. भिंग घ्या आणि नंबराभोवतीची चांदी बघा. जुना आकडा घासून नवा कोरला असेल तर तेवढाच भाग खोलगट आणि गुळगुळीत लागतो. ताऱ्यावरच्या लाल मीन्याचा (काचेसारख्या रंगथराचा) टवका उडाला असेल तर रंग भरून दडवतात. उजेडात तिरकं धरलं की डाग निस्तेज दिसतो. आणि तुमच्या नियमाने 'जर्मनीवरील विजय' पदकाचं काय करायचं? पितळी, बिननंबरी, जवळपास दीड कोटी लोकांना दिलेलं. त्याचं प्रमाणपत्र त्याच जातीच्या कुठल्याही पदकासोबत खपवता येतं.

बिल्लेबहाद्दर: म्हणूनच ते स्वस्त मिळतं. ताऱ्याला जादा पैसे मागतात ते त्यामागच्या माणसाच्या नावावर.

पोटमाळा: तुम्ही दोघंही किमतीतच अडकलात. रशियात सोव्हिएत पदकांची खरेदी-विक्री फौजदारी संहितेच्या ३२४व्या कलमाखाली गुन्हा आहे. सोव्हिएत संघराज्य कोसळल्यावर कित्येकांनी पोटासाठी पदकं विकली, काही चोरीला गेली. ती घरच्यांकडे परत जायला हवीत.

बिल्लेबहाद्दर: घर शोधायलाही कार्डच लागणार ना? १९४४ साली हा तारा रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर या ब्रिटिशकालीन भारतीय लष्कराच्या रसद विभागातल्या सुभेदार नारायणराव निक्कम आणि हवालदार गजेंद्र सिंग यांनाही मिळाला होता. असला एखादा तारा उद्या बाजारात आला, तर नुसत्या भिंगातून तो कुणाचा हे कळेल?

लोहारगल्ली: नाही कळणार. पण नंबर नंतर कोरलेला असेल, तर तुमचं कार्ड भलत्याच माणसाच्या दारात नेऊन सोडेल. आधी धातू, मग दप्तर.

पोटमाळा: आणि विकणाऱ्याला ते कुठून मिळालं, हे कुणी विचारायचं?