आपला प्रांत नसलेला एखादा पिक्चर तुम्हाला अनपेक्षितपणे आवडलाय का?

निवांत:
मला संथ, माणसामाणसांतल्या ताणतणावांचे सिनेमे आवडतात. अ‍ॅक्शन म्हटलं की मी लांबच, गाड्या उडतायत काचा फुटतायत आणि कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही, डोकं दुखायला लागतं. तर भावाने फारच आग्रह केला म्हणून 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) लावला आणि मी अक्षरशः खिळून बसले. जवळजवळ अख्खा पिक्चर म्हणजे पाठलाग, एका दिशेने जातात आणि त्याच वाटेने परत येतात, एवढीच गोष्ट. पण कुठेही गोंधळायला झालं नाही. नंतर शोधून वाचलं तेव्हा कारण समजलं की दिग्दर्शक जॉर्ज मिलरने महत्त्वाची गोष्ट शक्यतो फ्रेमच्या मधोमध ठेवायला लावली होती, त्यामुळे कट कितीही पटापट आले तरी डोळ्यांना शोधाशोध करावी लागत नाही. आणि एडिटर मार्गारेट सिक्सेल, जिने त्याआधी कधीच अ‍ॅक्शनपट एडिट केला नव्हता, तिने ४८० तासांच्या फुटेजमधून हा दोन तासांचा पिक्चर काढला आणि त्यासाठी तिला ऑस्कर मिळालं! शिवाय यातली नायिका फ्युरिओसा फार बोलत नाही, पण ती वाळूत गुडघे टेकून ओरडते तो सीन माझ्या आवडत्या कुठल्याही कौटुंबिक सिनेमात शोभला असता.

तर तुमचे असे पिक्चर कुठले? नुसतं नाव नको प्लीज, एरवी तुम्हाला त्या प्रकारात काय खटकतं आणि यात ते का नाही खटकलं तेही लिहा.

गवतफूल:
म्युझिकल्स! मला गाण्यांचं वावडं नाही पण चांगलं बोलता बोलता माणसं मधेच गायला लागली की माझं लक्षच उडतं. आणि मला आवडला कुठला तर 'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबुर्ग' (१९६४), ज्यात एकही वाक्य बोललेलं नाहीये, सगळंच गायलंय, गॅरेजमधलं इंजिनाबद्दलचं बोलणंसुद्धा. म्हणजे माझी तक्रार होती ती 'मधेच' या गोष्टीबद्दल, आणि इथे मधेच असं काही उरतच नाही, सुरुवातीच्या काही मिनिटांत कान सरावतो आणि मग तीच त्यांची बोलीभाषा वाटायला लागते. सुरुवातीलाच गॅरेजमधला एकजण म्हणतो की मला ऑपेरा नाही आवडत, ती सगळी गाणारी माणसं सहन होत नाहीत, आणि हेही तो गाऊनच म्हणतो :) गोष्ट खरं तर साधी आहे, छत्र्यांच्या दुकानातली मुलगी, तिचा मेकॅनिक प्रियकर, त्याला अल्जीरियाच्या युद्धावर जावं लागतं. पण शेवटचा पेट्रोलपंपावरचा प्रसंग, बाहेर बर्फ, आत दोघं काय बोलतात (गातात)... सांगत नाही, बघाच. मिशेल लग्रांचं संगीत नंतर कित्येक दिवस डोक्यातून गेलं नाही.

चंद्रकोर:
हॉरर. मला रक्तपात बघवत नाही, दचकायला तर मुळीच आवडत नाही. 'ट्रेन टू बुसान' (२०१६) झोंबीपट आहे हे माहीत असतं तर लावलाच नसता. सुरुवातीला कामात बुडालेला बाप मुलीला वाढदिवसाची भेट देतो आणि ती वस्तू तिच्याकडे आधीच असते, कारण ती त्यानेच मागे दिलेली असते. तिथेच मी त्या दोघांत अडकले, मग झोंबी आले तरी उठवेना. त्या जोरावर पुढे 'द बाबाडूक' (२०१४) बघितला, तो तर नवरा गेलेल्या, थकलेल्या एकट्या आईचा सिनेमा आहे, भूत ही त्या दुःखाचीच सावली. आता असे अजून शोधतेय.

रातकिडा:
@चंद्रकोर, छान लिहिलंय, पण मी हॉररचा जुना प्रेक्षक आहे त्यामुळे थोडा वेगळा मुद्दा मांडतो. बाहेरच्या लोकांना आमच्यातले जे पिक्चर आवडतात ते बहुतेक वेळा आतून ड्रामाच असतात. तुम्हाला जे आधीपासून आवडतं तेच तिथे सापडलं, नाही का? त्यात वाईट काहीच नाही पण त्याने हॉरर आवडायला लागलं असं मी म्हणणार नाही. अंधाऱ्या पॅसेजमध्ये कॅमेरा नुसता थांबून राहतो आणि आपण कोपरा न् कोपरा तपासत बसतो, ती भीतीच आवडणं ही वेगळी गोष्ट आहे.

माझा स्वतःचा उलटा अनुभव म्हणजे '१२ अँग्री मेन' (१९५७). एका खोलीत बारा माणसं बसून खटल्यावर बोलतात, बास. मला असले बोलपट झेपत नाहीत, कुणी उठून काही करतच नाही. पण त्यात ज्याप्रकारे कोंडतं ना! दिग्दर्शक सिडनी ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर ठेवलाय, मग नजरेच्या पातळीवर, आणि शेवटच्या भागात खाली, म्हणजे छत दिसायला लागतं, शिवाय लेन्स लांब लांब होत जातात त्यामुळे भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. हे भयपटाचंच तंत्र आहे, फक्त भूत नाही. म्हणजे मलाही माझंच सापडलं, हे मान्य.

शेवटची_रांग:
मी सुपरहिरो पिक्चर मनापासून प्रयत्न करून बघितले, नाहीच जमलं. तेही चालतं की. पण 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) आवडला तो अ‍ॅनिमेशनसाठी. यातला नवा स्पायडर-मॅन, माइल्स, नवखा असतो तेव्हा त्याची हालचाल सेकंदाला १२ चित्रांवर ठेवलीये आणि जंगलातल्या सीनमध्ये शेजारी झुलणाऱ्या पीटरची, म्हणजे मुरलेल्या स्पायडर-मॅनची, २४ वर, त्यामुळे तो अडखळतोय हे न सांगता जाणवतं.

निवांत:
@रातकिडा, मुद्दा पटला, पण अर्धाच. फ्युरी रोडमध्ये मला फक्त फ्युरिओसा आवडली असती तर तुमचं शंभर टक्के बरोबर. पण मला तो पाठलागही आवडला, खांबांवर झुलत गाड्यांवर उतरणारी माणसं बघून छातीत धडधडलं आणि ती धडधड हवीशी वाटली, हे माझ्यासाठी नवीनच आहे. आपल्या ओळखीचं काहीतरी हात धरून आत नेतं आणि मग आतलं बाकीचंही दिसायला लागतं, असं होत असेल का? @गवतफूल, तुमचा पिक्चर याच रविवारी.

अनवट:
डॉक्युमेंटरी कुणीच नाही घेतली? मला त्या शाळेतल्या माहितीपटासारख्या वाटायच्या, मागून एक भारदस्त आवाज सगळं समजावतोय. 'हनीलँड' (२०१९) मध्ये तो आवाजच नाही. उत्तर मॅसेडोनियातली हातिजे, रानमध काढणारी, म्हाताऱ्या आईबरोबर ओसाड गावात राहते, आणि मध काढताना अर्धा मधमाश्यांसाठी ठेवते. मग शेजारी एक मोठं कुटुंब येऊन राहतं आणि त्यांना जास्त मध हवा असतो. कुणी खलनायक नाही, त्या बापालाही पोरं पोसायचीयत. ऑस्करला माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय फीचर अशा दोन्ही विभागांत नामांकन मिळालेला हा पहिलाच सिनेमा. @निवांत, तुमच्या संथ सिनेमांच्या यादीत हा आधीच नसेल तर शेरबुर्गनंतर हा घ्या, आणि @रातकिडा, मधमाश्यांचा घोंघाट हेडफोनवर ऐकून बघा.