मदत हवी आहे: कॉर्ड बरोबर, तरी गाणं लागत नाही

डग्गा:

नमस्कार मंडळी,

आधीच सांगतो, मी गिटारवाला नाही. घरच्या भजनी मंडळात वीसेक वर्षं तबला वाजवतोय, अडीनडीला पखवाज. काही अडाण्यासारखं लिहिलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या युनिटमध्ये हिशेब बघतो. टेबल काचेच्या पार्टिशनमागे आहे, पण माग काचेला थोडंच जुमानतात? दिवसभर खडाक-खडाक. घरी आलो तरी उशीवर डोकं टेकलं की तोच ठेका. झोप यावी म्हणून रात्री मोबाईलवर काहीतरी लावून पडायची सवय लागली आहे. गेल्या पावसाळ्यात असाच मध्यरात्री जागा झालो, तर एक पोरगा अगदी कानाशी येऊन बोलल्यासारखा गात होता. मागं नुसती गिटार. मध्येच कुठंतरी पियानोचे चार सूर, बस. काय चाललंय ते कळेपर्यंत, दोनेक मिनिटांत, गाणं संपलंसुद्धा. नाव बघितलं: निक ड्रेक, 'पिंक मून'.

तेव्हापासून वेड लागलंय म्हणा ना. इंग्रजी माझं बेतास बात. शब्द निम्मे कळतात, निम्मे नाही. पण त्याचा उजवा अंगठा! खालच्या तारांवर तो असा चालतो की डग्ग्यावर कोणीतरी घिस्से काढत बसलंय असं वाटतं. आणि 'रिव्हर मॅन' म्हणून एक आहे, त्यात मी ठेका धरायला गेलो आणि प्रत्येक वेळी पाय चुकीच्या जागी पडला. वीस वर्षं सम चुकली नाही माझी, इथं सापडेचना.

आता मूळ अडचण. भाच्याची गिटार आमच्या माळ्यावर पडून होती, ती उतरवली. नेटवरून 'पिंक मून'चे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, घेतले, ट्यूनर ॲपवर तारा मिळवल्या, दोन महिने बोटं सोलून घेतली. कॉर्ड तेच येतात, पण गाणं ते नाही. वरणात मीठ आहे, हिंग नाही, तसं. इथल्या एका क्लासला जाऊन विचारलं, तर सर म्हणाले, असलं काय ऐकता, एखादं हिंदी घ्या, आठवड्यात बसवून देतो. परत गेलो नाही.

मग परवा रात्री वडिलांची पेटी काढून मिळवून बघितलं. गाणं पांढरी दोनमध्ये आहे एवढं कळलं. म्हटलं, एकेक तार ओढून बघावी. पहिली तार चढवत गेलो, चढवत गेलो, आणि साडेबाराला ती गालावर फटकन बसली. वहिनी उठून आल्या, त्यांना वाटलं शॉर्टसर्किट झालं.

तर, कॉर्ड बरोबर असून गाणं का लागत नाही? तो स्वतः वाजवतानाचा, बोटं दिसतील असा व्हिडिओ कुठं आहे का? आणि असलंच आणखी काय ऐकू?

उतरलेली तार:

डग्गाभाऊ, तुमचे हात ठीक आहेत, तारा वेगळ्या लागल्या आहेत. नेहमीची गिटार जाड तारेकडून ई-ए-डी-जी-बी-ई अशी मिळवतात. हा बाबा जवळपास दर गाण्याला तारांचे सूर बदलायचा. 'पिंक मून' आहे सी-जी-सी-एफ-सी-ई. सी ला सा धरा आणि वाचा: सा प सा म सा ग. मोकळ्या तारा छेडल्या तरी अर्धा तानपुरा वाजतो. तुम्ही म्हणता तो हिंग हाच.

पेटीच्या भाषेत सांगतो. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत जाड सहावी तार चार पट्ट्या खाली. पाचवी, चौथी, तिसरी प्रत्येकी दोन खाली. दुसरी मात्र एक पट्टी वर. पहिलीला हातच लावायचा नाही, आणि तुम्ही नेमकी तीच तोडलीत! सगळं लागलं की दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, चढवा. सी चा डी होतो, म्हणजे तुमची पांढरी दोन. तुमचा कान बरोबरच होता.

'रिव्हर मॅन'मध्ये तारा नेहमीच्याच आहेत, तिथं भानगड मात्रांची. पाच मात्रांचं गाणं आहे ते. भजनी ठेका धरून बसलात तर जन्मभर पाय चुकेल. झपतालाचं अर्धं आवर्तन मनात म्हणून बघा, धी ना, धी धी ना. खाली-भरी शोधू नका, फक्त दर पाचव्यानंतर परत एक.

भाकरतुकडा:

व्हिडिओ शोधण्यात रात्री घालवू नका. मोठेपणीचा निक ड्रेक दिसतो असं चित्रीकरण आजवर सापडलेलंच नाही. फोटो आहेत, आवाज आहे, बोटं नाहीत. जगभरच्या गिटारवाल्यांनी तुमच्यासारखेच कान लावून त्याच्या तारा शोधल्या आहेत. कार्यक्रमात गाण्यागणिक तारा मिळवत बसायचा, तोवर समोरचे लोक गप्पा मारायला लागायचे. शेवटी शेवटी त्यानं मंचावर जाणंच सोडलं.

जन्म १९४८ चा, रंगूनचा. वडील बॉम्बे बर्मा कंपनीत इंजिनियर. युद्धात ब्रह्मदेश सोडावा लागला तेव्हा आई दिल्लीत होती, आणि ती न् तिची बहीण ऑल इंडिया रेडिओवर गायच्या! निकची मोठी बहीण जन्मानं लाहोरची. आई, मॉली ड्रेक, स्वतः गाणी रचायची, पियानोवर, घरच्या घरी. तिची रेकॉर्डिंगं मिळतात, जरूर ऐका. मुलाचे सूर कुठून आले ते कळतं.

अल्बम तीनच: १९६९, १९७१, १९७२. तिसरा 'पिंक मून', ऑक्टोबर १९७१ मध्ये दोन रात्रींत उरकला. स्टुडिओत तो आणि एक ध्वनिमुद्रक. अकरा गाणी मिळून अर्धा तासही भरत नाही. हयातीत कोणी फारसं विकत घेतलं नाही. १९७४ मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला, आणि जवळपास पंचवीस वर्षांनी फोक्सवॅगनच्या जाहिरातीत हे गाणं आल्यावर लोक दुकानात विचारायला लागले.

सडेतोड:

काय हे इंग्रजांचं कण्हणं. सोलापुरात राहून हुतात्मा स्मृती मंदिरात चांगली मैफल असली तर जात नसणार, आणि मेलेल्या गोऱ्यासाठी तारा तोडतायत.

डग्गा:

सडेतोड साहेब, मागच्या मैफिलीला तिसऱ्या रांगेत होतो. तुम्ही दिसला नाहीत.

उतरलेली तार, हात जोडतो. सा प सा म सा ग हे वाचून ऑफिसातच टेबल वाजवलं, शेजारचा दचकला.

मिरज लाईन:

एक धोक्याची सूचना. माळ्यावरच्या गिटारीला बहुतेक १० नंबरचा बारीक तारांचा संच असणार. जाड तार चार पट्ट्या उतरवली की ती ढिली पडते, पडद्यांवर झणझणते, दोरी वाळत घातल्यासारखी हलते. १२ चा जाड संच घ्या. तारा उतरवूनच वाजवायचं असल्यामुळे गिटारीच्या गळ्यावर ताण येत नाही. नवी पेठेत वाद्यांच्या दुकानात विचारा, मिळेल. नसल्यास पुढच्या पंढरपूर-मिरज फेरीत बघा. तिथले तंतुवाद्यवाले सतारीत मुरलेले, पण गिटारीची घोडी झिजली असेल तर तेही बघून देतात. माझी दिली होती. कॅपो स्प्रिंगचा घेऊ नका, स्क्रूचा घ्या. स्प्रिंगवाला तारा जास्त दाबतो आणि सूर चढतो.

भाकरतुकडा:

आणखी काय ऐकू, याला एकच उत्तर देते. कॉनी कॉन्व्हर्स. अमेरिकेतली बाई, १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्वतः लिहून, स्वतः गिटार वाजवून गायची. तेव्हा असं करणाऱ्या किती असतील? १९५४ च्या सुमारास एका माणसानं घरी बोलावून टेपवर तिचा आवाज धरून ठेवला. तो माणूस जीन डाइच. तुम्ही त्याला ओळखता, लहानपणी बघितलेल्या 'टॉम अँड जेरी'चे ते विचित्र भाग, ज्यांत आवाज घुमल्यासारखे येतात, ते त्यानं प्रागमध्ये बसून केलेत. तिचं कुठंच काही जमलं नाही. १९७४ मध्ये घरच्यांना पत्रं लिहून गाडीत सामान भरलं आणि निघून गेली, ती परत कोणाला दिसली नाही. टेपा २००९ मध्ये अल्बम होऊन बाहेर आल्या. ड्रेकपेक्षा हिचे शब्द तुम्हाला सोपे जातील, आणि बाई विनोदी आहे.

डग्गा:

अपडेट. १२ चा संच मिळाला, स्क्रूचा कॅपोही. रविवारी पाणी यायच्या वेळेआधी बसलो आणि पेटीवर एकेक सूर धरून तारा मिळवल्या. सहाव्या तारेला सा मिळाला तेव्हा गिटारीच्या पोटाला हात लावून बघितला, हातात येत होता तो. मग मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला. अहो, तेच! दोन महिने घासत होतो ते एका फिरकीत आलं. बोटं अजून यायचीत, पण वास तोच.

'रिव्हर मॅन'ला धी ना, धी धी ना चालतं. फक्त माझा डावा हात आपोआप आठव्या मात्रेकडं पळतो, त्याला वळण लावतोय. वडील बाजेवर पडून ऐकत होते. म्हणाले, "गातोय की स्वतःशीच बोलतोय रे हा?" कॉनीबाई त्यांना जास्त आवडल्या.

एकच शंका राहिली. तिसरी तार म वर थांबत नाही. रात्री मिळवून ठेवतो, सकाळी उतरलेली असते. खुंटी सैल आहे का?

उतरलेली तार:

खुंटी ठीक असेल. नवी तार आहे, दोन-चार दिवस ताणत राहते. रोज वाजवायच्या आधी मिळवा, आणि मिळवताना नेहमी थोडी खाली उतरवून मग वर चढवत आणा, वरून खाली आणून सोडू नका. आठवड्यानंतरही उतरलीच तर खुंटीवर तारेचे वेढे किती आहेत त्याचा फोटो टाका, बघू.