मदत हवी आहे: वॉरंटी संपल्यावर ई-रीडरच्या स्क्रीनवर रेघा. बदलून मिळेल का?

तळमजला:

मंडळी, जरा सल्ला हवाय.

सासऱ्यांसाठी ऑनलाइन ई-रीडर घेतला होता. ₹१४,००० च्या घरात, वॉरंटी एक वर्षाची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबांना बारीक छपाई वाचवत नाही. यावर अक्षर हवं तेवढं मोठं होतं, मोबाइलसारखा उजेड डोळ्यांत घुसत नाही, त्यामुळे स्वारी खूश होती. गेल्या महिन्यात वॉरंटी संपली आणि लगेच स्क्रीनच्या उजव्या बाजूला उभ्या रेघा आल्या. वरपासून खालपर्यंत, अगदी पट्टीने मारल्यासारख्या सरळ. हळूहळू वाढतायत. प्रत्येक ओळीतली शेवटची दोन-तीन अक्षरं त्यात जातात. बाबा अंदाजाने वाचतात आणि वर मलाच समजावतात, "अगं, चालतंय की."

पडलेला नाही, पाणी लागलेलं नाही, कायम कव्हरमध्ये असतो. बटण दाबून धरून रिस्टार्ट करून झालं. फॅक्टरी रीसेट केलेलं नाही, कारण बाबांच्या पीडीएफ उडतील.

कस्टमर केअरवाले गोड बोलतात, पण पालुपद एकच. वॉरंटी संपली, दुरुस्ती आम्ही करत नाही, नवीन घेतलात तर १५ टक्के सूट देऊ. म्हणजे पुन्हा बारा हजार घाला! स्टेशन रोडच्या मोबाइल रिपेअरवाल्याने उलटसुलट करून पाहिला आणि "वहिनी, ह्याची स्क्रीन मिळत नाही" म्हणून परत दिला.

वॉरंटी संपल्यावर कुणाला बदलून मिळालाय का? कुणाशी आणि नेमकं काय बोलायचं? ग्राहक मंचात जायचं तर एवढ्या रकमेसाठी परवडतं का? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा "ती कंपनी चांगली की ही" यातच वाहून जाईल.

जुनी सायकल:

कागदी पुस्तकं घ्या. त्यात रेघा आल्याच तर त्या आपणच पेन्सिलीने मारलेल्या असतात.

तळमजला:

सायकलराव, २० पॉइंटात छापलेल्या मराठी कादंबऱ्या कुठे मिळतात सांगा, आज ऑर्डर करते.

रात्रपाळी:

आधी दोष कुठे आहे ते पक्कं करा. कंपनीशी बोलताना त्याचा उपयोग होईल.

रेघा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या. बऱ्याच मॉडेलमध्ये समोरासमोरचे दोन कोपरे एकाच वेळी दाबले की निघतो. यूएसबीने तो कॉम्प्युटरवर घेऊन उघडा. स्क्रीनशॉटमध्ये रेघा नसतील तर सॉफ्टवेअर ठीक आहे, गडबड पॅनेलची आहे. मग पान आडवं करून बघा. मजकूर फिरला आणि रेघा डबीच्या, म्हणजे ई-रीडरच्या, त्याच कडेला राहिल्या, तर शंकाच नको. असं असेल तर फॅक्टरी रीसेटच्या भानगडीत पडू नका, फुकट पीडीएफ जातील.

आता महत्त्वाचं. अशा तक्रारीत पुढचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: "फिजिकल डॅमेज आहे, दाब पडलाय." ई-इंकच्या, म्हणजे ई-रीडरमधल्या कागदासारख्या दिसणाऱ्या स्क्रीनच्या, बहुतेक पॅनेलमध्ये आत पातळ काच असते आणि बॅगेत दाब पडून बाहेर ओरखडाही न उमटता ती फुटू शकते, हे खरं आहे. पण काच फुटली की सहसा वेडीवाकडी, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसते, किंवा एका कोपऱ्यात जुन्या पानाचा तुकडा गोठून बसतो. कडेपासून कडेपर्यंत सरळ रेघा हे बहुतेक वेळा ड्रायव्हर चिप आणि पॅनेल यांच्यातल्या जोडणीचं दुखणं असतं. त्या रांगेतल्या ठिपक्यांना काळं व्हायचं की पांढरं, हा निरोपच पोचत नाही. रेघांचा जवळून फोटो काढा. मागच्या बाजूचे आणि चारही कडांचेही काढा, कुठे पोचा नाही हे दिसलं पाहिजे.

आणि डबी बंद केल्यावरही रेघा दिसतात म्हणून घाबरू नका. ई-इंकवर उमटलेलं चित्र वीज नसतानाही तसंच राहतं, म्हणून तर बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते.

रिपेअरवाला खरं बोलला. पॅनेल, टच आणि पुढचा उजेडाचा थर अनेकदा एकमेकांना चिकटवलेले असतात, सगळं एकदम बदलावं लागतं. सुटं पॅनेल मागवून, मजुरी देऊन नव्याच्या किमतीजवळ जातं. त्यात वेळ घालवू नका.

शेवगा:

रात्रपाळींनी यंत्राचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो.

खरं सांगायचं तर वॉरंटी संपल्यावर "बदलून द्याच" असा सरळ हक्क नाही. पण वॉरंटी संपली म्हणजे सगळं संपलं, हेही खोटं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष मालाची व्याख्या वॉरंटी कार्डावर थांबत नाही, करारात न लिहिलेली पण गृहीत धरलेली गुणवत्ताही त्यात येते. वस्तू घेतली तेव्हापासून आत दडलेला दोष नंतर वर आला, असं म्हणता येतं. अडचण एवढीच की तो मूळचा दोष होता हे तुम्हाला दाखवावं लागतं. ग्राहक आयोग (तुम्ही म्हणता तो मंच) वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, पण चौदा हजारांच्या डबीसाठी तिथपर्यंत जायची वेळ न आलेली बरी.

म्हणून माझा पहिला प्रश्न. वॉरंटी चालू असताना या स्क्रीनबद्दल एकदा तरी कुरबुर केली होती का? फोन, चॅट, मेल, काहीही?

तळमजला:

स्क्रीनशॉट घेतला, एकही रेघ नाही! आडवं करूनही पाहिलं, रेघा जागच्या जागी. बाबा बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "म्हणजे माझे डोळे बरोबर आहेत ना?"

शेवगा, हो, केली होती! दिवाळीच्या सुमारास अशीच एक बारीक रेघ आली होती. मी चॅटवर विचारलं, त्यांनी रिस्टार्ट करायला लावलं, रेघ गेली, विषय मिटला. ती चॅट मेलवर आली होती, आत्ता शोधली. तक्रार क्रमांक, तारीख, सगळं आहे. तेव्हा वॉरंटी चांगली तीन-चार महिने बाकी होती.

शेवगा:

मग ताई, तुमची केस बदलली. आता "वॉरंटी संपल्यावर बिघडला" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. "वॉरंटीत कळवलेला दोष दूर झाला नाही" असं म्हणायचं. तात्पुरती मलमपट्टी त्यांनी केली, दोष तोच आहे.

चॅटवर पुन्हा जाऊ नका. तिथल्या पोराच्या हातात १५ टक्के सूट देण्यापलीकडे काही नसतं. थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची. बिलावर विक्रेता म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव असतं बऱ्याचदा, ते बघा आणि त्यालाही मेलमध्ये घ्या. नाहीतर कंपनी विक्रेत्याकडे बोट दाखवते, विक्रेता कंपनीकडे.

मजकूर छोटा ठेवा. साधारण असा:

"अमुक तारखेला घेतलेल्या उपकरणाच्या स्क्रीनवर उभी रेघ येते, हे मी अमुक तारखेला, वॉरंटी चालू असताना, आपल्याला कळवले होते (तक्रार क्रमांक अमुक). आपल्या सूचनेप्रमाणे रिस्टार्ट केले. तोच दोष आता वाढला आहे. स्क्रीनशॉटमध्ये रेघा दिसत नाहीत, म्हणजे दोष पॅनेलचा आहे. उपकरणाला बाहेरून इजा नाही, फोटो जोडले आहेत. उपकरण विनामूल्य बदलून द्यावे. नवीन खरेदीवरील सूट मला मान्य नाही."

शेवटचं वाक्य गाळू नका. नाहीतर तेच कूपन परत येतं.

बिल, चॅट, फोटो, स्क्रीनशॉट जोडा. वय, मोतीबिंदू, मनस्ताप काही लिहू नका. खरं असलं तरी त्याने उत्तर देणाऱ्याला विषय बदलायची सोय होते.

कोकणपट्टी:

उत्तर नाही आलं तर १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतही बोलता येतं. ते हुकूम देऊ शकत नाहीत, मध्यस्थी करतात, पण तिकडून तक्रार गेली की कंपनीतला वेगळा माणूस जागा होतो. माझ्या मिक्सरचं असंच झालं होतं.

हिवाळी छत्री:

डबी भारतातच घेतलीय ना? मी जर्मनीत असते, म्हणून विचारतेय. युरोपियन युनियनमध्ये विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते, कंपनीच्या वॉरंटीशी तिचा संबंध नाही. पहिल्या वर्षात दोष मूळचा नव्हता हे विक्रेत्यानेच सिद्ध करायचं. ब्रिटनमध्ये दावा लावायला सहा वर्षं मिळतात, स्कॉटलंडमध्ये पाच. इथून भाच्या-पुतण्यांनी आणलेल्या डब्या बऱ्याच घरांत असतात. त्यांनी भारतातल्या कस्टमर केअरशी डोकं लावण्यापेक्षा बिल ज्याच्या नावावर आहे त्याला तिकडून मेल करायला सांगावं.

तळमजला:

नाही हो, इथेच घेतलाय, बिल माझ्या नावावर. मेल आज पाठवला, शेवगा म्हणाले तसाच, जवळजवळ शब्दशः. तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता साइटच्या पार तळाशी, बारीक अक्षरात सापडला. बाबांना तो वाचता आला नसता, एवढं सांगते.

शेवगा, आयोगात जायचंच झालं तर वापरणारे बाबा आणि बिल माझं, हे अडतं का?

शेवगा:

नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही कायद्याने ग्राहकच. दोघांपैकी कुणीही तक्रार करू शकतं. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. तारखा पडतात आणि वेळ जातो, ते मात्र गृहीत धरा. आधी नोटीस पाठवून बघा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

तळमजला:

अपडेट. पोच दुसऱ्याच दिवशी आली. नंतर पुन्हा एकदा "वॉरंटी संपली आहे, सूट देतो". मी जुन्या चॅटचा तक्रार क्रमांक तेवढा परत पाठवला, बाकी एक शब्द नाही. १९१५ लाही तक्रार नोंदवून ठेवली. आज फोन आला, बाई नीट बोलल्या. म्हणाल्या, "विशेष बाब म्हणून" बदलून देऊ, पण रिफर्बिश्ड, म्हणजे जुनाच नीट करून दिलेला, मिळेल, त्याच मॉडेलचा. कुरिअर घरून घेऊन जाईल.

घ्यावा का? की नव्यासाठी अडून बसू?

शेवगा:

घ्या. एक वर्ष वापरलेल्या वस्तूच्या बदल्यात कोरी करकरीत मागितली तर आयोगातही घासाघीस होईल. पण फोनवर हो म्हणू नका. बदलून येणाऱ्या उपकरणावर किती महिन्यांची वॉरंटी, ती कोणत्या तारखेपासून, आणि रेघा पुन्हा आल्या तर काय, हे मेलवर मागा. "विशेष बाब" म्हणू दे त्यांना, आपल्याला शब्दांशी काय करायचंय. वॉरंटी आकड्यात आली की कळवा, तोवर १९१५ ची तक्रार बंद करू नका.

रात्रपाळी:

डबी देण्याआधी यूएसबीने सगळ्या पीडीएफ उतरवून घ्या. बाबा वाचताना खुणा करत असतील तर त्यांची फाइलही घ्या, बऱ्याच डब्यांत ती वेगळी साठवलेली असते. विकत घेतलेली पुस्तकं खात्यात राहतात, स्वतः टाकलेली राहतीलच असं नाही. मग खातं काढून रीसेट. कुरिअरवाल्यासमोर डबी चालू करून व्हिडिओ घ्या, सिरियल नंबर दिसेल असा, आणि पॅकिंग होईपर्यंत थांबवू नका. कव्हर आणि केबल पाठवू नका, त्या परत येत नाहीत.

तळमजला:

सहा महिने लिहून दिले, डबी मिळाल्याच्या तारखेपासून. हो म्हटलं. परवा कुरिअर येतोय. पीडीएफ उतरवल्या, त्यात बाबांनी ई-साहित्य या मराठी ई-पुस्तकांच्या साइटवरून घेतलेली पुस्तकं निघाली ढीगभर. खुणांची फाइलही मिळाली.

तोवर बाबांना टॅबलेट दिलाय. नाक मुरडतायत.