पाचवीचा गृहपाठ ग्रुपवर टाकायचा की मुलांनीच घरी न्यायचा?

कृष्णाकाठच्या बाई (मिरज तालुका)

नमस्कार. नदीकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पाचवीला शिकवते. वर्गात ३१ मुलं. नोकरीला १६ वर्षं झाली, त्यातली ९ इथंच. एक विचारायचं आहे, पण आधी काय घडलं ते सांगते, नाहीतर प्रश्न अर्धवट वाटेल.

गेल्या वर्षीपर्यंत रोज शाळा सुटताना मी फळ्याचा फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकायचे. गृहपाठ, उद्या काय आणायचं, कुणाचा वाढदिवस, सगळं त्यातच. सोय वाटायची. हळूहळू मुलांनी फळ्यावरचं उतरवून घेणंच सोडलं. "ग्रुपवर येतंयच की, बाई." पण फोन कुणाकडं असतो? वडील बागेत नाहीतर कुपवाडला कारखान्यात. फोन घरी येतो साडेआठला, तोवर पोरगं पेंगायला लागलेलं. मग आई ओरडते, मोठी बहीण भराभर लिहून देते आणि सकाळी वही पूर्ण असते. उत्तरं बरोबर, अक्षर बहिणीचं. मी सही करून मोकळी. वर्षभर हे चाललं आणि मला कळत असून मी चालवून घेतलं, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून या जूनपासून फोटो बंद केला. शेवटची दहा मिनिटं निरोप वहीची. दोन ओळी वर्गातली बातमी, एक ओळ गृहपाठ. मुलांनी स्वतः लिहायचं, घरी जो कोणी असेल त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि ऐकणाऱ्यानं खाली सही करायची. आजीनं फुली मारली तरी चालते. मला ऐकणारा माणूस हवा आहे, सही नुसती खूण. शनिवारी आठवड्याच्या बातम्यांचं एक पान मुलं मिळून करतात. ते आम्ही ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतो.

जुलैत पाऊस लागला तसा मी गृहपाठही बदलला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी आमच्याकडं पावसाळ्यात घराघरात बोलली जाते. ४० फूट झालं की इशारा, ४५ ला धोका, हे पोरांना पाढ्यासारखं पाठ. मी सांगितलं, रोज सकाळची पातळी निरोप वहीत लिहा, चौकोनी वहीत त्याचा आलेख काढा. एक घर म्हणजे तीन इंच.

आठ दिवसांनी एका मुलाच्या आलेखात पाणी एकदम उतरलेलं दिसलं. त्या दिवशी तर नदी चढतीला होती. वही जवळ घेऊन बघितली. आदल्या दिवशीचे ३८ फूट ९ इंच त्यानं ३८.९ लिहिले होते आणि दुसऱ्या दिवशीचे ३८ फूट ११ इंच ३८.११. दशांशात ३८.११ लहान, म्हणून रेघ खाली आली. पाणी दोन इंच चढलं आणि वहीत ते उतरलं! मी काही बोलले नाही, वही फळ्यापाशी धरली आणि वर्गाला विचारलं, "कोण खोटं बोलतंय, नदी का वही?" पाच मिनिटं नुसता गलका. शेवटी मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलगी म्हणाली, "बाई, फुटात इंच बारा असत्यात, धा नाहीत." दशांश अपूर्णांक मी इतकी वर्षं शिकवते, पण त्या दिवशी तो जसा पोचला तसा आधी कधी पोचला नव्हता.

दुसरा गृहपाठ होता २०१९ च्या पुराचा. ही मुलं तेव्हा तीन-चार वर्षांची, त्यांना काही आठवत नाही. तेव्हा आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मी सांगितलं, तुमच्या घरात पाणी कुठवर आलं होतं ते घरच्यांना विचारा आणि जमिनीपासून मोजा. एकीच्या आजीनं भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला सारून मातकट रेघ दाखवली. रंग दिला तरी ती रेघ तेवढी आजीनं मुद्दाम ठेवून घेतलीय म्हणे. मुलीनं वहीत लिहिलं, "४ फूट ७ इंच. आजीच्या हनुवटीच्या खाली तीन बोटं." खाली आजीची फुली. हे वाचताना माझा घसा दाटून आला.

आता अडचण. गेल्या पालक सभेत दोघा-तिघांनी मला धारेवर धरलं. एकाचं म्हणणं, "पाणी मोजून शिष्यवृत्ती मिळणार आहे का? आता पाचवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झालं तर पुन्हा परीक्षा द्यायला लागते." दुसरं, "बाकीच्या शाळा रोज ग्रुपवर टाकतात, तुम्हाला काय होतंय?" त्यांची काळजी मला समजते, म्हणून फटकन उत्तर दिलं नाही. तुमच्याकडं कसं करता? पालक असाल तर मोकळेपणानं सांगा, मला तेच ऐकायचं आहे.

विश्रामबागची आई

बाई, तुमचं वाचून आधी मुलाला हाक मारली आणि त्याला ३८ फूट ११ इंच दशांशात लिहायला सांगितलं. त्यानं ३८.११ च लिहिलं. तो सहावीत आहे, नव्वदच्या वर टक्के आहेत.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर दिवसाला बारा-चौदा निरोप येतात. उद्या पिवळा टी-शर्ट, परवा पाच प्रकारची पानं, शुक्रवारी ज्वालामुखीचं मॉडेल. ज्वालामुखी आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. वर्गातले निम्मे ज्वालामुखी एकाच हातचे होते आणि सगळ्यांना शेरा "छान". माझा मुलगा मला म्हणाला, "आई, तुला छान मिळालं." तेव्हापासून मला ग्रुपची धास्ती वाटते. निरोप वही बंद करू नका.

दुसरी पाळी, कुपवाड

बाई नमस्कार. तुमच्या वर्गात नाही, पण माझी मुलगी पण पाचवीलाच आहे, शेजारच्या तालुक्यात. फॅब्रिकेशनच्या कामाला आहे मी. महिन्यातले पंधरा दिवस दुसरी पाळी असते. घरी येतो तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. पोरगी झोपलेली. सकाळी ती शाळेला जाते तेव्हा मी झोपलेला. त्या पंधरा दिवसांत ग्रुपवर येणारा फळ्याचा फोटो एवढीच मला तिच्या दिवसाची खबर. जेवणाच्या सुट्टीत सगळे कामगार आपापल्या पोरांचा फोटो उघडून बसतात, खोटं सांगत नाही. वही ज्याच्या हातात पडते त्याचं ठीक आहे. माझ्या हातात ती पडत नाही.

तेव्हा माझी विनंती अशी की फोटो टाका, पण शाळा सुटताना नको. रात्री आठनंतर टाका. तोवर पोरांनी वही घरी नेलेली असेल, वाचून दाखवलेलं असेल. मग फोटो बघून त्यांना काही आयतं मिळणार नाही आणि आमच्यासारख्याला कळेल. फळ्यापेक्षा एखाद्या पोराच्या वहीचाच टाका. पोराचं अक्षर बघायला बरं वाटतं.

अजून एक. इंचाचं निघालंय म्हणून सांगतो. आमच्याकडं इंचाचे आठ सूत करतात. रविवारी मुलीला टेप दाखवून सांगितलं, बारा इंचाचा फूट, आठ सुताचा इंच. ती म्हणाली, पप्पा, मग एका फुटात शहाण्णव सूत. मी टेप घेऊन वीस वर्षं काम करतोय, हा हिशोब मी कधी केला नव्हता. तुमच्या पोरांना पण सूत सांगा, घरी कुणीतरी गवंडी, सुतार असणारच. तो माणूस पण मग गृहपाठात येतो.

तासगावचे गुरुजी (निवृत्त)

बाई, तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात. परीक्षेची भीती घालणाऱ्या पालकांना एक गोष्ट शांतपणे दाखवा. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीला गृहपाठ आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास सांगितला आहे. दिवसाला नव्हे, आठवड्याला. पहिली-दुसरीला मुळीच नाही, सहावी ते आठवीला दिवसाला एक तास. म्हणजे पाचवीच्या पोराच्या हाती घरी दिवसाला वीस मिनिटं. त्यात पानभर उतारा नकलून आणायला लावायचा की नदी मोजायला लावायची, हे शिक्षकानं ठरवायचं.

माझा अनुभव एवढाच की बेदाण्याच्या दिवसांत आमच्याकडची घरं सकाळपासून रात्रीपर्यंत शेडवर असायची. लिहून आणा म्हटलं की वह्या कोऱ्या यायच्या. विचारून या म्हटलं की पोरं बोलायला उतावीळ असायची. किती किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, हे विचारून या असं एकदा सांगितलं, तर प्रत्येक घरचं उत्तर वेगळं आलं आणि का वेगळं यावरच दोन तास गेले.

स्कॉलरशिपवाले सर, पलूस

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. शिष्यवृत्तीच्या पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. पहिल्या पेपरात भाषेचे २५ आणि गणिताचे ५०, दुसऱ्यात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्तेचे ५०. म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही. समज आली तरी वेग वेगळा कमवावा लागतो, तो नदीकाठी येत नाही. त्या पालकाचं निम्मं बरोबर आहे. गुरुवारी शाळेतच अर्धा तास घड्याळ लावून २५ प्रश्न घ्या. घरी पाठवू नका, घरी ते बहीणच सोडवेल. आणि निकाल शनिवारच्या पानावर नको, मुलं एकमेकांचे आकडे बघत बसतात.

नदीवरून तयार होणारे प्रश्न मात्र मला द्या. क्युसेक कधी घेतलंय का? पोरं रोज ऐकतात, "कोयनेच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक." एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. शाळेतली बादली १४ लिटरची असेल तर सेकंदाला दोन बादल्या. २१०० चं काय ते मुलांनाच काढू दे. उत्तर ऐकून त्यांचे चेहरे बघा.

जतचा मास्तर

तुमच्याकडं पाणी फार, आमच्याकडं पाणी कधी येतंय ते मोजायचं. माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांत कन्नड बोलतात. मराठीत लिहिलेला निरोप ग्रुपवर टाकला तर आई तो ऐकू शकते, वाचू शकत नाही. म्हणून मी पण मुलालाच निरोप्या केलाय. शाळेत मराठीत लिहायचं, घरी कन्नडमध्ये सांगायचं, घरून आलेलं उत्तर परत मराठीत लिहायचं. सुरुवातीला चुका फार होतात. होऊ देत. दोन्ही भाषा सुधारतात.

तुमच्या आजीच्या रेघेसारखं माझ्याकडं विहिरीचा दोर आहे. एका मुलानं पाण्यापर्यंत दोर सोडून गाठी मारल्या आणि दर पंधरा दिवसांनी नवी गाठ. तो दोर वर्गात खिळ्याला टांगलाय.

कृष्णाकाठच्या बाई (मिरज तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं शाळेत मोठ्या सरांना पण वाचून दाखवली.

दुसऱ्या पाळीवाल्या दादा, तुमचं वाचून मी बराच वेळ बसून राहिले. फोटो बंद करताना मी फक्त मुलांचा विचार केला. वही हातात न पडणारा बाप माझ्या डोक्यातच आला नव्हता. सोमवारपासून रात्री सव्वाआठला एका मुलाच्या निरोप वहीचा फोटो टाकायला लागले आहे. हजेरी क्रमांकानं, म्हणजे ३१ दिवसांत सगळ्यांची पाळी येते. आधी प्रत्येकाच्या घरी विचारून घेतलं. पहिल्या रात्री अकरा वाजून गेल्यावर एका वडिलांचा निरोप आला, "बाई, अक्षर सुधारलंय." त्या मुलाला मी ते सकाळी परिपाठ संपल्यावर सांगितलं. दिवसभर तो वही छातीशी धरून फिरत होता.

स्कॉलरशिपवाले सर, गुरुवारचे २५ प्रश्न सुरू केले. पहिल्या दिवशी वर्गाचे सरासरी ११ बरोबर आले. क्युसेकचं गणित पण घेतलं. २१०० गुणिले २८, म्हणजे ५८,८०० लिटर, एका सेकंदात. मुलांना पटेना. मग एकानं बादली आणली, अंगणात दोन बादल्या ओतल्या आणि म्हणाला, हे एक. असं एकवीसशे वेळा, आणि ते पण "एक" म्हणेपर्यंत. मग सगळे गप्प झाले.

सूत पण सांगितले. वर्गात तीन गवंड्यांची आणि एका सुताराचं पोर निघालं. परवाच्या गृहपाठाखाली पहिल्यांदाच एका वडिलांनी सही करून पुढं स्वतःच्या हातानं लिहिलंय, "४ फूट ७ इंच २ सूत. मी पण मोजलं." तो त्या आजीचाच मुलगा.

पालक सभेतले एक जण अजून नाराज आहेत. त्यांच्या घरी रविवारी जाऊन बसणार आहे, त्यांच्या मुलीचा आलेख बरोबर घेऊन.

जतचे सर, तुमच्या दोराचा फोटो पाठवाल का? आमची मुलं शनिवारचं पान पोस्टानं तुमच्या वर्गाला पाठवायचं म्हणताहेत. पाकिटावर पत्ता कसा लिहायचा हे पण त्यातच शिकून होईल. उलट पानी तुमच्या मुलांनी कन्नडमध्ये चार ओळी लिहाव्यात, खाली मराठीत अर्थ, असं त्यांनीच सुचवलंय.