कलेजी, वजडी, सोरपोटेल : काय खाऊ लागलात, काय सोडलंत?

फोंडा (धागा माझाच, म्हणून सुरुवात मीच करते)

आमच्या घरी मासे खाणं वेगळं आणि मांस खाणं वेगळं. नुस्तं (मासळी) रोज हवं, सोमवारी मात्र शिवराक (शाकाहारी जेवण). कोंबडी वर्षातून चार-पाच वेळा व्हायची, आणि तीही घरामागे, न्हाणीच्या भिंतीला लागून मांडलेल्या तीन दगडांच्या चुलीवर. तिचा टोप वेगळा, दवलो (डाव) वेगळा. तो टोप स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडून आला नाही, वर्षभर पडवीत पालथा पडलेला असायचा. आजी शागुतीच्या रश्श्याचं वाटप स्वतः भाजून वाटून द्यायची, पण त्या चुलीजवळ फिरकायची नाही. बांगडा चालतो तर कोंबडी का नाही, हे तिला विचारायची कुणाची टाप नव्हती.

कलेजी तर त्या मागच्या चुलीवरही शिजली नाही. कोंबडी कापून देणारा गडी पोटा-कलेजी केळीच्या पानात बांधून आपल्या घरी न्यायचा. ती त्याचीच, हे ठरलेलं होतं.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं हिमोग्लोबिन ७.८ वर आलं. लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडायचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कलेजी खाता का?" मी म्हटलं, "आम्ही मासे खातो." त्या हसल्या. त्या संध्याकाळी नवऱ्याने पाव किलो कोंबडीची कलेजी आणली. ताटलीत ओतली तर गडद तांबूस, चकचकीत, बोट लावलं की निसटणारी. दहा मिनिटं मी नुसती बघत उभी होते. एका तुकड्यावर हिरवट डाग होता. तो कापून टाक, पित्त लागलंय, राहिलं तर सगळं कडू होईल, हे मला फोनवर सांगितलं त्या गड्याच्या सुनेने. मीठ शेवटी घाल, जास्त परतू नकोस, रबर होतं, हेही तिनेच. खोबरेल तेल, कांदा, मिरीपूड, दोन सोलां (आमसुलं). पहिला तुकडा मी चावलाच नाही, गिळला. तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याच्या ताटातला उचलला.

आता ती घरातल्या गॅसवर होते. आजी नाही. पडवीतला टोप आहे, त्यात कढीपत्ता लावलाय.

तुम्हीही लिहा. काय नव्याने खाऊ लागलात, काय सुटलं, कुणाच्या हातचं खाऊन? खावं की खाऊ नये हा वाद मात्र इथे नको, त्याला जागा पुष्कळ आहेत.

वास्को, मूळ कोल्हापूरकडचा

आमच्यात नेमकं उलटं. बकरं पडलं की मटण पावण्यांना, आणि मुंडी, पाया, वजडी (पोट-आतडी), रक्ती घरच्यांना. आणि खरी चव घरच्यांच्याच वाट्याला येते, हे पावण्यांना कधी कळलं नाही.

आई वजडी धुवायला बसली की दुपार जायची. कडकडीत पाण्यात बुडवून वरची काळी साल सुरीने खरवडायची, मग चुना चोळून पुन्हा धुवायची. आतली बाजू जुन्या टॉवेलासारखी खरखरीत असते, तिच्या घडीघडीत बोट घालून. पाणी नितळ येईपर्यंत ती उठत नव्हती. मग कुकरला शिट्ट्या, आणि वर घरचं तिखट. तिखटात कंजुषी केली तर वजडी बोलते.

वास्कोला नोकरीला आलो आणि पहिल्याच रविवारी मटणवाल्याकडे वजडी मागितली. त्याने सहज विचारलं, "कुत्र्याला का?" मी "हो" म्हणालो. आजही त्या "हो"ची लाज वाटते. पुढे दोन वर्षं तो बिचारा "कुत्रा कसा आहे?" विचारायचा.

पंचेचाळिशीत एका पहाटे पायाचा अंगठा टोमॅटोसारखा सुजला. युरिक ॲसिड ९.१. कलेजी, गुर्दा, भेजा, वजडी बंद. तेवढं कळलं मला. पण डॉक्टर पुढे म्हणाले, तारली-बांगडाही बेताने, आणि बिअर तर नकोच. गोव्यात राहून बांगडा बेताने आणि बिअर नको! बदली मागून घ्यावी असं वाटलं.

मडगाव, माहेर पेडणे

आमच्याकडे मटणाला सागुती म्हणतात, इथे शागुती म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा एक ठराविक रस्सा. लग्नानंतरचा पहिला गैरसमज त्यावरूनच. पण तो सोपा होता.

लग्न कोर्टात झालं, सासर ख्रिस्ती. घरात डुकराचं मांस शिजणार हे ठाऊक होतं, मनाची तयारीही केली होती, पण सोरपोटेलची नव्हती. त्यात मांसाबरोबर काळीज (कलेजी) असतं, हृदय असतं, पूर्वी रक्तही घालत. आमच्या घरी रक्त घालत नाहीत. मांयने (सासूने) मला कधी आग्रह केला नाही. दर नाताळाला एकदाच म्हणायची, "खा गो मातशें (थोडंसं)," आणि मी मान हलवली की ताटात सान्नां (इडलीसारखी) आणि कोंबडी वाढायची. असे सहा नाताळ गेले.

सातव्या वर्षी मांयचा उजवा हात मोडला. डिसेंबरचा तिसरा आठवडा. कापणार कोण? मी. सगळं आधी उकडून घ्यायचं, मग बारीक फोडी करायच्या, चण्याच्या डाळीएवढ्या नाही पण वाटाण्याहून थोड्या मोठ्या, सगळ्या सारख्या. मांय खुर्चीवर बसून बघत होती आणि एकेक मोठी फोड बोटाने परत माझ्याकडे ढकलत होती. दीड तासात काळीज कुठलं नि मांस कुठलं हे मला स्पर्शावरून कळायला लागलं. मग ते त्याच्याच चरबीत परतायचं, शिर्क्यात वाटलेला मसाला घालायचा, आणि त्या दिवशी खायचं नाही. रोज गरम करायचं. चव बघायला कुणीतरी हवंच होतं, आणि पथ्यामुळे मांयला मनाई. तिसऱ्या दिवशी मी चमच्याने खाल्लं. आंबट आधी लागतं, तिखट मागून येतं.

माहेरी अजून सांगितलेलं नाही. मांय कोरेज्माचे (ईस्टरआधीच्या उपवासाचे) चाळीस दिवस मांसाला शिवत नाही आणि मी श्रावण पाळते, त्यामुळे वर्षातले निदान दोन महिने आमच्या स्वयंपाकघरात कुणीतरी कुणासाठी वेगळं शिजवत असतं.

सत्तरी, वय ७१

मी सुटलेल्या गोष्टीबद्दल लिहितो. पहिला मोठा पाऊस पडला की रात्री गॅसबत्ती आणि गोणपाट घेऊन आम्ही मळ्यात जायचो. डोळ्यांवर उजेड पडला की बेडूक जागचा हलत नाही, मागून हात घालायचा. मोठे पिवळे नर, डराव डराव करून स्वतःच ठिकाण सांगणारे. खायचे फक्त मागचे पाय. कोंबडीसारखे लागतात म्हणून नंतर हॉटेलांत त्याला जंपिंग चिकन नाव पडलं.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने बेडूक मारायला बंदी आहे. खोटं कशाला बोलू, कायदा आल्यावरही आम्ही बरीच वर्षं जात होतो. थांबलो ते नातवामुळे. एका जूनमध्ये तो शहरातून आला, रात्री खिडकीत बसला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही म्हणायचात तो आवाज कुठाय?" आवाज नव्हता. मळ्यात खत-औषधं पडली, मळे पडीक गेले, घरं उठली, सगळा दोष माझ्या गोणपाटाला नाही. पण गोणपाट माझं होतं.

पणजी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. पूर्वी आई मे महिन्यातच पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरायची : सुके बांगडे, सुंगटं (कोळंबी), मिठातल्या कैऱ्या. शेजारी चोरीसच्या (डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या) माळा टांगलेल्या, जपमाळेसारख्या. आता माझी मुलं ते दोन महिने ब्रॉयलर कोंबडीवर काढतात आणि सुक्या मासळीचा डबा उघडला की खोलीचं दार लावून घेतात. ज्या वासाने मला भूक लागते त्याच वासाने माझ्या मुलीला मळमळतं. बस्स, एवढंच.

डिचोली

मी सगळंच सोडलं, अकराव्या वर्षी. आमचा कोंबा (कोंबडा) होता, शाळेतून आलो की फाटकापर्यंत यायचा. एका दिवशी आला नाही. रात्री जेवणात होता. कुणावर राग नाही, पण त्यानंतर घास उतरला नाही.

म्हापसा, आहारतज्ज्ञ

फोंड्याच्या ताईंना एक सांगते. कोंबडीच्या १०० ग्रॅम कच्च्या कलेजीत साधारण ९ मिलिग्रॅम लोह असतं आणि ते पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगी सहज लागतं. बी-१२ ही भरपूर. पण गरोदरपणात रोज कलेजी नको, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते जादा झालं तर बाळाला अपाय होऊ शकतो. आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कलेजीच्या भरवशावर परस्पर बंद करू नका. वास्कोच्या दादांनी डॉक्टरांचं ऐकावं. बिअरचं तर नक्कीच.

ता. क. माझ्या सासऱ्यांना वजडी खायची इच्छा झालीय, ते साताऱ्याचे. म्हापशात साफ केलेली कुठे मिळेल?

वास्को, मूळ कोल्हापूरकडचा

साफ केलेली घेऊच नका ताई, ब्लीच मारून पांढरी करतात काही जण. न धुतलेली घ्या आणि कळवा. रविवारी चुना घेऊन येतो. खाणार नाही, नुसती धुऊन देतो.